बारा उतरले

३ मार्च

नाही जाणार! एकदा नाही म्हटलं म्हणजे नाही.

सकाळी पत्र आलं. जाड कागद, वर सोनेरी शिक्का. टेकडीच्या लढाईचं स्मारक तयार झालंय, वीस तारखेला अनावरण. पडदा ओढायचा मान कुणाचा, तर 'शौर्यपदक विजेते सार्जंट' यांचा — म्हणजे माझा. सोबत दगडावरच्या नावांची यादी. सात नावं, सगळी दुसऱ्या तुकड्यांतली. दोनदा वाचली, तीनदा वाचली. बोक्याचं नाव नाही.

बोका म्हणजे आमच्या तुकडीचा मशीनगनवाला. कुठेही अंगाचं मुटकुळं करून झोपायचा आणि दूध पावडरचा डबा कुठेही लपवा, हुडकून काढायचा. म्हणून बोका. एकवीस वर्षांपूर्वी आम्ही टेकडी सोडली आणि दुसऱ्या दिवशी तळावर हजेरीला हा नव्हता. कागदावर शेरा मारून टाकला — 'फरार'. फरार म्हणे! ज्याला झोपेतून उठवायला दोन माणसं लागायची, तो पळणार?

लगेच उत्तर लिहिलं. तीन ओळी. आठवं नाव कोरा, मग येतो. नाहीतर पडदा तुमच्या चपराशाकडून ओढून घ्या. हिने खांद्यावरून वाचलं. "अहो, जरा गोड भाषेत लिहा की." म्हटलं, गोड मला डॉक्टरने बंद केलंय.

४ मार्च

पत्र टाकलं. पोस्टातल्या बाईंनी पाकीट हातावर तोललं. "यात काही आहे का हो?" आहे म्हटलं, भरपूर आहे.

६ मार्च

धक्क्यावर आज वादावादी. नदीपलीकडे जाणाऱ्या लाँचवर साठ उतारू, एकसष्टावा घ्यायचा नाही, हे बघणं माझं काम. मी प्रत्येकाच्या खांद्यावर थाप मारून आकडा मोठ्याने म्हणतो. सगळे बसले की पुन्हा मोजतो. सुटायच्या आधी तिसऱ्यांदा. आज एक कोटवाला खवळला — "आम्ही काय मेंढरं आहोत?" म्हटलं, मेंढरं असता तर गप्प बसला असता. अख्खी लाँच हसली. लाँचचालक कुरकुरतच होता, "सार्जंट, साठ ते साठ, मोजून वाढतात का?"

थापेची ही सवय तुकडीतली. खंदक सोडायचा तेव्हा सार्जंट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. प्रत्येकाच्या पाठीवर थाप, तोंडाने आकडा. थाप पडली की तो माणूस उठून खाली पळतो. थाप पडल्याशिवाय कोणी जागचं हलायचं नाही — आभाळ कोसळलं तरी! मशीनगनवाला सगळ्यात शेवटी, आणि त्याच्यानंतर सार्जंट स्वतः. आम्ही मला धरून बारा.

ही म्हणते मी झोपेतही मोजतो. "अकरापर्यंत जाता आणि अडता. पुढचा आकडा काय पाहुणा म्हणून येणार आहे?" हिच्या जिभेला हाड नाही.

९ मार्च

कर्नलसाहेबांनी बोलावणं धाडलं. स्मारक समितीचे अध्यक्ष आता तेच. टेकडीच्या वेळी ते कोवळे लेफ्टनंट होते, खाली तळावर दुर्बीण लावून बसलेले. उंटावरून शेळ्या हाकण्यात तेव्हाही तरबेज!

टेबलावर माझीच फाइल उघडी होती.

"सार्जंट, हा अहवाल तुम्हीच लिहिलात ना?"

मीच लिहिला. त्यांनी वाचून दाखवला. 'बारा उतरले. हजेरी पूर्ण. आमची मशीनगन शत्रूच्या हाती लागली, तिच्यातून चाळीस मिनिटं गोळीबार चालू होता. त्या गोळीबारात जखमी कॉर्पोरलला खांद्यावरून खाली आणलं.' तो कॉर्पोरल म्हणजे हत्ती. दोन माणसांचं वजन एकट्याचं. त्याला आणलं म्हणून मला पदक.

"तुमच्याच हिशेबाने तो सुखरूप खाली उतरला. सकाळी तळावर नव्हता. मधे पळाला, दुसरं काय?"

"तळाच्या वाटेवर तोफगोळे पडत होते साहेब. एखादा त्याच्यावर पडला असेल."

"मग काहीतरी सापडलं असतं. ती वाट आपल्याच ताब्यात होती." मग चष्मा काढून हळूच म्हणाले, "पदकाच्या पत्रकात काय लिहिलंय आठवतं? 'एकही माणूस न गमावता.' तो शहीद ठरला तर या वाक्याचं काय करायचं?"

म्हणजे वाक्याला धक्का लागू नये म्हणून माणूस पळपुटा! टेबलावर मूठ आपटली. शाईची बाटली पडली, त्यांच्या पांढऱ्याशुभ्र बाहीवर. माफी मागितली नाही. चूक स्वतःची झाकायची आणि मेलेल्याला पळपुटा म्हणायचं — चोराच्या उलट्या बोंबा! तोंडावर सांगून आलो.

शाईबद्दल हिला सांगितलं नाही.

१० मार्च

बोक्याच्या ताईकडे गेलो. आईबाप लवकर गेले, ताईनेच त्याला वाढवला. एका खोलीत शिवणाचं मशीन, गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. आजूबाजूचे अजून 'पळपुट्याची बहीण' म्हणतात. मी दर दोन-तीन महिन्यांनी जाऊन बसतो.

म्हटलं, ताई, दगडावर नाव लावायचंय, घरी म्हणायचात तसं पूर्ण नाव लिहून द्या. मशीन थांबवलं. टाचण्या एकेक करून उशीला टोचल्या.

"दगडावर लागलं म्हणजे पक्कं ना?"

"पक्कं! कायमचं! मग कोणाची हिंमत आहे बोलायची?"

"राहू दे ना सार्जंट. लोक बोलतात, बोलून थकतात."

असं कसं राहू दे? बिचारी घाबरते. एकवीस वर्षं बोलणी खाल्लेल्या माणसाला आणखी काय करता येणार. मी आग्रह धरला तेव्हा कापडाच्या चिठ्ठीवर लिहून दिलं. "तुम्हाला बरं वाटत असेल तर लावा."

खुंटीवर एक पुरुषी शर्ट होता. नवा, उत्तम शिवलेला, गळा चांगला रुंद, फक्त बटणं नाहीत. कोणाचा म्हणून विचारलं. "गिऱ्हाईकाचा आहे. न्यायला आलं नाही अजून." जुन्या ओळखीचं गिऱ्हाईक असणार, मागेही असाच एक बघितला होता.

निघताना म्हटलं, दाराला कडी लावत जा, एकट्या असता. हसली नुसती.

१२ मार्च

आता साक्षीदार हवा. कर्नलसाहेबांना माझा शब्द चालत नाही ना? मग हत्तीचा चालेल. हत्ती तर त्या दिवशी माझ्या खांद्यावरच होता. उद्या जातो.

१३ मार्च

हत्तीचं सायकल दुरुस्तीचं दुकान. पाय लंगडा, पोट आणखी पुढे. मला बघून स्टुलावरून उठायला लागला. म्हटलं, बस लेका, तू उठेपर्यंत माझी परतीची लाँच सुटेल.

सगळं सांगितलं. कागद पुढे ठेवला. लिही म्हटलं — बोका आपल्याबरोबर उतरला, पळणारा नव्हता, वाटेत गेला. सही कर.

त्याने पेन घेतलं नाही. हातातली चेन पुसत बसला. पुसलेलीच पुन्हा पुसली.

"सार्जंट, तो उतरलाच नाही."

म्हटलं, भांग प्यालास काय? बारा मोजले मी!

"मला दोनदा मोजलंत." खाली बघून बोलत होता. "न्हावी आणि मास्तरने मला उचललं तेव्हा पाठीवर थाप मारलीत, तीन म्हणालात. मग खंदकाच्या तोंडाशी त्यांना मी पेलेना. तुम्ही मला खांद्यावर घेतलंत. घेताना पुन्हा थाप. अकरा म्हणालात. माझ्या कानाशीच म्हणालात."

मी काय बोललो आठवत नाही. शिव्या दिल्या बहुतेक. एकवीस वर्षं का गप्प बसलास, हे विचारलं तेवढं आठवतं.

"तुम्ही मला आणलंत. मी काय तोंडाने सांगणार होतो?"

१४ मार्च

खोटं आहे! रक्त गेलेला, अर्धवट शुद्धीतला माणूस. त्याला काय कळणार थाप कुठली आणि धक्का कुठला! कामावर गेलो नाही.

१५ मार्च

कागदावर मोजून बघतो. नुसते आकडे नाहीत — माणसं. आकडे काय, कसेही बसतात.

न्हावी. मास्तर. त्यांच्या हातात हत्ती — तीन. मग थोरला मेहुणा, त्याला चिकटून धाकटा मेहुणा. चष्मा, चष्मा हातात धरून. वायरलेसवाला, त्याची पेटी माझ्या गुडघ्याला लागली. उंच्या वाकून पळाला. आचारी. मुका — आठवडाभर बोलला नव्हता, जाताना "बरं सार्जंट" म्हणाला, त्याचंच नवल वाटलं होतं. हे दहा.

दहा.

अकरावा कोण? डोळे मिटून एकेक चेहरा आणला. अकरावी पाठ हत्तीचीच आहे. रुंद, रक्ताने चिकट. बोक्याची पाठ मी त्या दिवशी बघितलीच नाही. धूर होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अकरा झाले म्हणून खंदकाच्या टोकापर्यंत गेलोच नाही. वाटलं, गर्दीत पुढे निघून गेला असेल. मी पाठी मोजल्या, माणसं नाही मोजली.

आणि आता लिहायचंच तर सगळं लिहितो. वाट उतरताना वरून आमची मशीनगन ऐकू येत होती. चाळीस मिनिटं. तिची एकही गोळी वाटेवर पडली नाही. मी म्हटलं शत्रूचा नेम वाईट. अहवालातही तेच. पण ती तीन-तीन गोळ्यांनी वाजत होती. तीन, मग थांबा. तीन, मग थांबा. गोळ्या पुरवायच्या म्हणून बोका तशी वाजवायचा, मीच शिकवलेली. शत्रूला आमच्या बोक्याची सवय कुठून लागणार?

तो थापेची वाट बघत बसला होता.

ज्याला आणलं म्हणून पदक, त्यालाच दोनदा मोजलं. आणि कर्नलच्या तोंडावर मी चोराच्या उलट्या बोंबा म्हणून आलो!

१६ मार्च

हिला सांगितलं. सगळं. ती डाळ निवडत होती. निवडून झाली तरी ताटलीत बोट फिरवत राहिली.

"कोणाकोणाला माहीत आहे?"

हत्तीला, मला. आता तुला.

"मग राहू दे. काय उपयोग आहे आता? म्हातारपणी थू-थू करून घ्यायची हौस आहे का?" मग डोळ्याला पदर लावून म्हणाली, "पण नाही राहू देणार तुम्ही. मला काय माहीत नाही का!"

नाहीच राहू देणार. चूक झाली, ती झाली. तिच्यासाठी मी स्वतःला फासावर लटकवणार नाही आणि तिला पायघड्यांखाली झाकणारही नाही. पळपुटा ठरला तो माझ्या अहवालामुळे. मीच तो शेरा पुसणार. समिती गेली खड्ड्यात!

१७ मार्च

कर्नलसाहेबांना भेटलो. हत्तीने आता लिहून दिलंय, मीही लिहून दिलं. दोन्ही कागद वाचले. फिकट पडले. शाईचा डाग बाहीवरून गेला नव्हता, बरं वाटलं.

म्हणाले, "वीस तारीख होऊन जाऊ द्या. मग बघू." बघू म्हणजे काय हे मला सैन्यात पहिल्याच वर्षी कळलं होतं. बघू म्हणजे पुरू.

"पदक जाईल, सार्जंट."

"जाऊ द्या साहेब. नाहीतरी हिने सुईदोऱ्याच्या डब्यात टाकलंय, बटणं शोधताना बोटाला टोचतं."

टेकडी आता पलीकडच्यांच्या ताब्यात. तिथे जाऊन हाडंही शोधता येणार नाहीत. आहे तो दगडच.

१८ मार्च

पाथरवटाकडे गेलो. दगड त्याच्या आवारात उभा, सात नावांची अक्षरं अजून पांढरी. चिठ्ठी दिली. आठवं नाव, उद्यापर्यंत.

"कमिटीची सही?"

"माझा हुकूम आहे."

"तुमचा हुकूम माझ्यावर कसा चालेल? मी काय तुमचा शिपाई आहे?" खरंच की! हसू आलं मला, इतक्या दिवसांनी. मग खाली बसलो आणि त्यालाही सगळं सांगितलं. ऐकताना छिन्नीला धार लावत होता.

"नक्की ना? कागदावरचं खोडता येतं. दगडावरचं पुसलं तर खड्डा राहतो."

म्हटलं, नक्की. उभा राहून म्हटलं.

खाली नक्षीची एक रेघ होती. नावाला जागा हवी म्हणून ती उडवावी लागली. रेघ चांगली उतरली होती म्हणून हळहळला, आणि हातोडी उचलली.

१९ मार्च

दगड झाकून नेला. बोक्याच्या ताईला कार्यक्रमाचा पास देऊन आलो. हत्तीने काय सांगितलं ते तिला अजून बोललो नाही — आधी काम, मग बोलणं. नको म्हणत होती. म्हटलं, ताई, तुमच्याशिवाय पडदा ओढणार नाही. माझी शपथ घातली.

२० मार्च

ओढला!

पहिल्या रांगेत सगळे गणवेशवाले, बँडवाले, वर्तमानपत्रवाले. पडदा खाली आला. टाळ्या. मग ज्यांनी ज्यांनी मोजली त्यांच्या टाळ्या बंद. आठ. कर्नलसाहेब माझ्याकडे बघतात, दगडाकडे बघतात — तोंड असं, की गिळलेलं बाहेर काढावं की आत ठेवावं!

ध्वनिक्षेपक हातात घेतला. लिहून आणलेलं भाषण खिशातच राहिलं. म्हटलं, माझ्या पत्रकात लिहिलंय एकही माणूस गमावला नाही. खोटं आहे. मी एक गमावला. जखमीला दोनदा मोजलं आणि एकाला मोजलंच नाही. तो पळाला नाही. मी थाप मारली नाही म्हणून तो हलला नाही. तो वर एकटा बसून मारत राहिला, म्हणून आम्ही अकरा खाली आलो. पदक द्यायचं तर ते त्याचं होतं.

कोणीतरी ध्वनिक्षेपक बंद केला. मग ओरडून सांगितलं. कवायतीच्या मैदानावर कमावलेला घसा आहे, तारेची गरज नाही. हत्ती मागे उठून उभा राहिला आणि "खरं आहे!" म्हणून गरजला. न्हावी उभा राहिला. मुकाही.

ताई शेवटच्या रांगेत होती. बोलून झालं तेव्हा खुर्ची रिकामी. भरून आलं असेल. येणारच! एकवीस वर्षांनी भावाच्या नावाला मान मिळाला.

ही परतताना लाँचमध्ये माझ्या हाताला धरून बसली होती. चारचौघांत! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

२१ मार्च

पदक परत करायला गेलो. कारकुनाने तीन कपाटं उघडली. "देण्याचा फॉर्म आहे. परत घेण्याचा नाही." म्हटलं, छापून घ्या, मी थांबतो. दुपारपर्यंत थांबलो. मग जेवायची सुट्टी झाली. पदक परत खिशात.

घरी आलो तर दारावर कोणीतरी कोळशाने काहीतरी लिहून ठेवलेलं. पुसलं नाही. लिहा! माझं नाव आहे, मला वाचता येतं. माझ्यावर चौकशी बसवणार आहेत म्हणे, बसवू देत. आठवं नाव दगडात आहे आणि ते आता कोणाच्या बापाला निघत नाही.

काल रात्री झोपेत मोजलं नाही, असं ही म्हणते.

२४ मार्च

तिसऱ्या फेरीला बोक्याची ताई धक्क्यावर आली. मला वाटलं पलीकडे जायचंय, मी थाप मारायला हात उचलला. ती रांगेतून बाजूला झाली. पिशवीतून तो शर्ट काढून माझ्या हातात दिला. बटणं लावलेली होती.

"दर वर्षी एक शिवायची. वय वाढतं तसा गळा रुंद करत गेले. लोक पळपुटा म्हणायचे ना, मला कधी राग नाही आला, सार्जंट. पळाला म्हणजे कुठेतरी दोन वेळा जेवत असेल."

रडली नाही. जाताना म्हणाली, आता दाराला कडी लावून झोपते.